नग एक

डेटन शहराच्या पूर्वेला, टायरच्या दुकानामागे
बोलिंगच्या एका जुन्या हॉलात शाळा भरायची.
जाजम जिथे उसवलं होतं
तिथे खालच्या लाकडावरचे बाण अजून दिसत,
आणि पहिलीची पोरं बरोब्बर त्या बाणांवर
रांग धरत, जेवायला जाताना.

माझं काम मोजायचं.
सनद देणाऱ्या कचेरीची मी माणूस,
वर्षातून दोनदा यायचे,
एकदा कळवून, एकदा न कळवता.
हजेरीपटावर दोनशे बारा.
खुर्च्यांत एकशे एकतीस.
पुन्हा मोजलं, स्वच्छतागृहं धरून मोजलं.
पोट दुखतं म्हणून नर्सच्या खोलीत
आडवी झालेली एक मुलगी धरून
एकशे बत्तीस.

मुख्याध्यापक ऑर्विल टेसमर म्हणाले, फ्लूची साथ आहे.
म्हटलं, ऑक्टोबरपासून?
ते टाय सैल करत राहिले.
राज्य पैसे देतं ते नावागणिक,
आणि ही ऐंशी नावं अशी
की ज्यांना पाय नव्हते.

मग कागद.
इशाऱ्याचं पत्र, नव्वद दिवसांची मुदत,
सुधारणेचा आराखडा, त्यात
मागच्याच वर्षाच्या तारखा, बदलायच्या राहून गेलेल्या.
भाडं कुणाला जातं, विचारलं
तेव्हा कळलं, जागेचा मालक
मंडळाच्या खजिनदाराचा मेहुणा.
हे मी लिहिलं. साध्या वाक्यात लिहिलं.
तिसरीच्या लोरेटाबाई
रोज सहा वाजेपर्यंत थांबतात,
ज्यांना अक्षर लागत नाही
त्यांच्याशेजारी बसून ते लावून देतात,
हेही लिहिलं.
त्याला रकाना नव्हता.
ते 'इतर'मध्ये गेलं.

सुनावणी वाचनालयाच्या तळघरात.
बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं,
टेबलावर अंड्याच्या आकाराचा
स्वयंपाकघरातला टायमर.
कोर्टलँड प्रूइट गोदामातली रात्रपाळी संपवून
पिवळ्या जाकिटातच आला होता.
"आधीच्या शाळेत माझ्या पोराला
तीन वर्षं कुणी नावाने हाक मारली नाही.
इथे मारतात.
ती हाक तुमच्या तक्त्यात
कुठे बसते, तेवढं दाखवा."
टायमर वाजला.
वाजत राहिला. कुणी बंद करेना.
शेवटी मीच उठले.

चार विरुद्ध एक.
सनद रद्द, तीस जूनपासून.
मला वाटायचं, आपलं बरोबर ठरलं
की काहीतरी आवाज होत असेल.
पंखा तेवढा फिरत होता.
कुणीतरी खुर्च्या घडी करून
भिंतीला लावायला लागलं.

जुलैत यादी करायला गेले.
जनतेच्या पैशातून आलेली वस्तू
जनतेकडे परत, नियम असा आहे,
आणि नियम चांगला आहे.
टेबलं एकशे चाळीस.
प्रोजेक्टर सहा, त्यातले चालू दोन.
दाखल्यांची खोकी एकोणीस,
पोरं जिथे जातील तिथे ती मागून जातील.
विज्ञानाच्या खोलीत, टाकीत, एक कासव.
अनुदानातून घेतलेलं. पावतीही सापडली,
अख्ख्या शाळेतली एकच सरळ पावती.

लिहिलं: कासव, नग एक.
स्थितीच्या रकान्यात
चांगली, बरी, मोडकी, यातलं एक लिहायचं असतं.
दारात सफाईवाला एमेट उभा होता, हातात लेट्यूसची पानं.
म्हणाला, "त्याला नाव आहे."
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

आकड्याची चिकटपट्टी पाठीवर बसेना,
कवच ओलं होतं.
मग काचेवर लावली, थोडी वाकडी,
आणि थांबले,
आत ओढलेली मान त्याने बाहेर काढावी म्हणून.
पाच वाजले. साडेपाच.
किल्ली माझ्याकडेच होती.